हाडवैऱ्यांनाही हसवणारा कोच

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर जे लिहिलं होतं, त्यात स्टीव्ह स्परियर या कोचचं नाव एकदाच, ओझरतं आलं होतं. पत्रं मात्र निम्मी त्याच नावावर आली, आणि त्यातली बरीचशी त्यांच्या संघाच्या नव्हे, समोरच्या संघाच्या चाहत्यांकडून. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. पंधरा मिनिटांची चार सत्रं, टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) सहा गुण आणि त्यावरच्या किकचा एक, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की) तीन. एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळेल.

प्रश्न : मुलगी गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठात शिकली, जावई अथेन्सच्या जॉर्जिया विद्यापीठाचे. स्परियरचं नाव निघालं की जावई आधी तोंड वाकडं करतात, मग त्याचाच एखादा विनोद सांगून स्वतःच हसतात. हे काय प्रकरण आहे? — पुणे

उत्तर : जावईबापू रीतीला धरूनच वागताहेत. जॉर्जियाचा चाहता स्परियर यांना शिव्या घातल्याशिवाय सुरुवात करत नाही आणि त्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय थांबत नाही.

आधी माणूस. जन्म १९४५ चा, बालपण टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत, वडील पाद्री. फ्लोरिडाकडून क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून डाव चालवणारा, म्हणून खेळताना १९६६ साली हाइजमन ट्रॉफी मिळवली. कॉलेज फुटबॉलमध्ये त्याहून मोठा वैयक्तिक मान नाही. कोच म्हणून १९८७ ते ८९ ड्यूक, १९९० ते २००१ फ्लोरिडा, मग दोन वर्षं व्यावसायिक फुटबॉलमध्ये वॉशिंग्टन (१२ विजय, २० पराभव, ते पान लवकरच उलटलं) आणि २००५ ते २०१५ साउथ कॅरोलिना. फ्लोरिडातल्या बारा मोसमांत १२२ विजय, २७ पराभव, एक बरोबरी. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटाची, म्हणजे बोलीतल्या एसईसीची, सहा विजेतेपदं. १९९६ चं राष्ट्रीय विजेतेपद. घरच्या मैदानाला 'स्वॅम्प', म्हणजे दलदल, हे नाव त्यांनीच दिलं: दलदलीतून जिवंत बाहेर पडतात ते फक्त गेटर, म्हणजे फ्लोरिडाच्या मगरी. तिथे ६८ सामने जिंकले, ५ हरले.

आता जावयांच्या बाजूने बघा. जॉर्जियाचे जुने कोच व्हिन्स डूली यांनी पंचवीस वर्षांत फ्लोरिडाविरुद्ध १७ जिंकले, ७ हरले, एक बरोबरीत सोडवला. दरवर्षी फ्लोरिडाला हरवणं हा तिकडे सणासारखा ठरलेला कार्यक्रम होता. स्परियर आले आणि बारा वर्षांत ११-१ असा हिशेब झाला. वर जखमेवर मीठ म्हणून बोलणं. भरतीच्या मोसमात सगळे नामांकित खेळाडू जॉर्जियाला मिळतात, मग सामन्याच्या दिवशी चांगले खेळाडू आमच्याकडेच कसे दिसतात, मधल्या काळात त्यांचं होतं तरी काय, असा भाबडा चेहरा करून ते विचारायचे.

हे इतकं झोंबलं, कारण जॉर्जियाचे चाहते आपल्या कोचबद्दल, रे गॉफ यांच्याबद्दल, घरात नेमकं हेच म्हणत होते. गॉफ स्परियरविरुद्ध सहा सामने खेळले आणि सहाही हरले. आपलं घरातलं गाऱ्हाणं शेजाऱ्याने चौकात, तेही हसतहसत मांडावं, असा तो प्रकार. राग शेजाऱ्याचा येतो, पण चूक काढता येत नाही. आपल्याकडे ज्याला शालजोडीतले म्हणतात, ते देण्यात हा माणूस तरबेज. जावई हसतात ते त्या विनोदाच्या अचूकपणाला.

प्रश्न : इथल्या ऑफिसात फ्लोरिडाचा एक सहकारी 'यूटीशिवाय सिट्रस लिहिताच येत नाही' असं म्हणतो आणि सगळे टेनेसीवाले कण्हतात. मी हसल्यासारखं करते. एकदा नीट फोड करून सांगाल का? — नॉक्सव्हिल, टेनेसी

उत्तर : टेनेसी विद्यापीठाचं लघुरूप यूटी. सिट्रस या इंग्रजी शब्दात सहा अक्षरं आहेत. तिसरं टी, पाचवं यू. क्रम उलटा आहे, मध्ये आर ठाण मांडून बसलाय, पण त्याची फिकीर कुणी करत नाही. हा झाला वरचा पदर.

खालचा पदर कळायला त्या काळातली उतरंड माहीत हवी. मोसम संपला की चांगल्या संघांना 'बोल' नावाच्या सामन्यांची बोलावणी येतात. एसईसीचा विजेता साधारणपणे न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोलला जायचा, आणि मागे राहिलेल्यांतल्या सगळ्यात वरच्या संघाला ऑर्लँडोचा सिट्रस बोल मिळायचा. सिट्रस म्हणजे दुसऱ्या पंगतीचं पान. पदार्थ तेच, पण वाढायला घेतात तेव्हा मानकरी हात धुऊन उठलेले असतात.

आता आकडे. १९९३ ते १९९७ फ्लोरिडाने टेनेसीला सलग पाच वर्षं हरवलं. १९९५ साली गेन्सव्हिलला टेनेसी ३०-१४ असं पुढे होतं आणि शेवटी ६२-३७ हरलं. त्या मोसमात टेनेसीचा तो एकमेव पराभव! अकरा विजय, एक पराभव, आणि तरी गेले सिट्रसला. पुढच्या वर्षी नॉक्सव्हिलमध्येच फ्लोरिडा ३५-० असं पुढे गेलं, टेनेसीने झुंज देत ३५-२९ पर्यंत आणलं, हरायचं ते हरलेच, आणि पुन्हा सिट्रस. १९९७ च्या वसंतात टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने व्यावसायिक संघात न जाता चौथं वर्ष कॉलेजात खेळायचं ठरवलं, तेव्हा स्परियर म्हणाले, त्याला तिसऱ्यांदा सिट्रस बोल गाजवायचा असेल.

तुमचा सहकारी इथे थांबतो. तुम्ही थांबू नका. १९९७ च्या मोसमात फ्लोरिडाने टेनेसीला ३३-२० हरवलं खरं, पण पुढे लुइझियाना स्टेट आणि जॉर्जिया यांच्याकडून मार खाल्ला. एसईसी टेनेसीने जिंकली आणि मॅनिंग मायामीच्या ऑरेंज बोलला गेला. त्या वर्षी सिट्रसला गेलं कोण? फ्लोरिडा! १ जानेवारी १९९८, पेन स्टेटविरुद्ध २१-६. वर १९९८ साली टेनेसीने फ्लोरिडाला जादा वेळेत २०-१७ हरवून राष्ट्रीय विजेतेपदच घरी नेलं.

उलट टोमणा मारताना नवखे लोक एक चूक हमखास करतात. जानेवारीतला बोल आधीच्या वर्षाच्या मोसमात धरला जातो. 'अठ्ठ्याण्णवच्या मोसमात तुम्ही सिट्रसला होतात' असं म्हणालात तर सहकारी तुम्हालाच दुरुस्त करेल आणि विनोद जागीच मरेल. 'अठ्ठ्याण्णवच्या एक जानेवारीला तुम्ही कुठे होतात?' एवढंच विचारा आणि चहा घ्यायला निघून जा.

प्रश्न : १९९५ साली सामना केव्हाच खिशात असताना शेवटच्या मिनिटांत स्परियरने पुन्हा टचडाउन करायला लावलं. हे खिलाडूपणात बसतं का? आणि 'हाफ अ हंड्रेड' म्हणजे नक्की काय? — अटलांटा

उत्तर : खिलाडूपणात बसत नाही. पण गोष्ट पुरती ऐका.

फ्लोरिडा-जॉर्जिया सामना जॅक्सनव्हिलला, दोघांच्याही घराबाहेर होतो. नव्वदच्या दशकात तिथलं स्टेडियम नव्या व्यावसायिक संघासाठी नव्याने बांधायला घेतलं, म्हणून १९९४ चा सामना गेन्सव्हिलला आणि १९९५ चा अथेन्सला ठेवला. (आताही तेच होतंय. स्टेडियमच्या कामामुळे २०२६ चा सामना अटलांटात आणि २०२७ चा टॅम्पात ठरला आहे.) म्हणजे जॉर्जियाच्या अंगणात, सॅनफर्ड स्टेडियममध्ये जाऊन खेळायची ही एवढीच संधी. तिथे पाहुण्या संघाने कधीच पन्नास गुण केलेले नाहीत, हे स्परियर यांच्या कानावर आलं होतं.

शेवटच्या मिनिटांत फलक ४५-१७ दाखवत होता. इथे बेरीज करून बघा. फील्ड गोल मारला तर अठ्ठेचाळीस. पन्नाशी होत नाही. टचडाउनच हवं. रिवाज असा की एवढी आघाडी असली की चेंडू हातात धरून पळायचं, घड्याळ सरू द्यायचं, शेवटी क्वार्टरबॅकने गुडघा टेकायचा. फ्लोरिडाच्या राखीव क्वार्टरबॅकने पास फेकला. ५२-१७. पुढे स्परियर यांनी कारण सरळ सांगितलं: इथे कुणी 'हाफ अ हंड्रेड', अर्धं शतक, ठोकलेलं नव्हतं, म्हटलं आपण ठोकावं.

मागचा हिशेब १९६६ चा. फ्लोरिडा सात सामने अपराजित, क्वार्टरबॅक स्परियर यांचं नाव हाइजमनसाठी सगळ्यांच्या तोंडी, आणि जॅक्सनव्हिलला जॉर्जियाने २७-१० असं धुतलं. त्यांचे तीन पास समोरच्यांनी हवेत झेलले. शाळेला (तिकडे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) कॉन्फरन्सचं पहिलं विजेतेपद मिळायचं ते त्या दिवशी हुकलं. ती सल एकोणतीस वर्षं पुरली.

दुसरा कुणी कोच असता तर राखीव मुलांना सराव मिळावा म्हणून पास टाकायला लावला, असं काहीतरी साळसूद उत्तर मिळालं असतं. स्परियर यांनी द्वेष होता तो द्वेष म्हणून उघड मांडला, आणि जॉर्जियाचे लोक मान्य करतात ते हे. त्याआधी १९८९ साली ड्यूकचे कोच असताना चॅपल हिलला जाऊन नॉर्थ कॅरोलिनाला ४१-० हरवलं, तेव्हा त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच गुणफलकासमोर संघाला उभं करून फोटो काढून घेतला होता. तेव्हा हा स्वभाव जुनाच.

फेड कशी झाली तेही लिहून ठेवा, अटलांटात उपयोगी पडेल. १९ सप्टेंबर २०१५, तेच सॅनफर्ड स्टेडियम, स्परियर आता साउथ कॅरोलिनाचे कोच. जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकने पंचवीस पास फेकले आणि चोवीस बरोबर पोचवले. निकाल : जॉर्जिया ५२, साउथ कॅरोलिना २०. पुन्हा बावन्न! जॉर्जियाविरुद्धचा त्यांचा तो शेवटचा सामना; महिन्याभरात, मोसमाच्या मध्यावर त्यांनी पद सोडलं. दोन्ही शाळा मिळून कोच म्हणून जॉर्जियाविरुद्धचा त्यांचा ताळेबंद १६ विजय, ७ पराभव.

प्रश्न : 'आम्ही एलएसयू (लुइझियाना स्टेट) नसू, अलाबामा नसू, पण आम्ही क्लेमसन नाही' हे स्परियरचं वाक्य इथे टी-शर्टवर मिळतं. मूळ प्रसंग कोणता? — ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलिना

उत्तर : वाक्य त्यांचं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये साउथ कॅरोलिनाने क्लेमसनला ३४-१३ हरवलं, तेव्हा हे उद्गार साउथ कॅरोलिनाचे रेडिओ समालोचक आणि माजी क्वार्टरबॅक टॉड एलिस यांनी काढले. शाळेच्या ट्विटर खात्याने ते स्परियर यांच्या नावावर खपवले. क्लेमसनचे कोच डॅबो स्विनी यांना पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं आणि ते चांगलेच भडकले. लांबलचक उत्तर दिलं. नंतर खुलासा झाला.

यात लक्षात घेण्यासारखं असं की कुणालाच संशय आला नाही. घाट तसाच होता: दोन मोठ्यांपुढे आधी स्वतः वाकायचं आणि त्याच ओघात तिसऱ्याला लाथ मारायची. कोणताही बरा टोमणा बेवारस सापडला की तो स्परियर यांच्या दारात नेऊन ठेवायची सवय दक्षिणेत पडली आहे. मराठीत चार बरी वाक्यं जशी पुलंच्या नावाने फिरतात तशी. त्यांचं स्वतःचं, नक्की त्यांचंच, हवं असेल तर क्लेमसनच्या 'डेथ व्हॅली' या मैदानावरचं घ्या. हेच टोपणनाव लुइझियाना स्टेटच्या मैदानालाही आहे. स्परियर यांनी विचारलं, डेथ व्हॅली म्हणजे ती लुइझियानातली ना, खरी ती तीच ना? क्लेमसनविरुद्ध २००९ ते २०१३ सलग पाच विजय असताना हे बोलणं शोभलं. २०१४ ला क्लेमसनने ३५-१७ जिंकलं, आणि त्यानंतर दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तो टी-शर्ट ग्रीनव्हिलमध्ये घालायचा तर आता जरा जपून.

प्रश्न : 'फ्री शूज युनिव्हर्सिटी' हा विनोद फ्लोरिडा स्टेटच्या लोकांना अजून झोंबतो का? — टॅम्पा

उत्तर : झोंबतो, पण उत्तर तयार असतं. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीची आद्याक्षरं एफ, एस, यू. १९९३ च्या ज्या मोसमात ते राष्ट्रीय विजेते झाले, त्याच मोसमात त्यांच्या काही खेळाडूंनी टॅलाहासीतल्या बुटांच्या दुकानातून एजंटांच्या पैशाने फुकटात खरेदी केली. १९९४ साली ते छापून आलं. स्परियर यांनी मधला एस स्टेटऐवजी शूजचा केला आणि उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून ऐकवत फिरले. त्यांचे बहुतेक गाजलेले विनोद पत्रकार परिषदेत नव्हे, असल्या घरच्या मेळाव्यांत जन्माला आले आणि मग बाहेर गळले.

तयार उत्तर असं : ५-८-१. फ्लोरिडात असताना फ्लोरिडा स्टेटविरुद्धची ही त्यांची कामगिरी. त्यातला तो एक बरोबरीचा सामना नोव्हेंबर १९९४ चा. फ्लोरिडा ३१-३ पुढे, फक्त शेवटचं सत्र बाकी, आणि निकाल ३१-३१. 'चोक ॲट डोक' या नावाने तो ओळखला जातो. चोक म्हणजे ऐन वेळी कच खाणं, आणि मैदानाचं नाव डोक कॅम्पबेल. फ्लोरिडा स्टेटचे कोच बॉबी बाउडन यांच्या संघापुढे स्परियर यांचा विनोद नेहमी थोडा तोंडघशी पडायचा.

१९९६ साली तर विनोद बाजूलाच राहिला. टॅलाहासीत २४-२१ हरल्यावर त्यांनी क्वार्टरबॅक डॅनी वुर्फेलला पास सुटल्यानंतर कसं आदळलं जातं, याची तक्रार लावून धरली. समोरच्यांनी रडगाणं म्हणून हिणवलं. पण त्याच दोघांची शुगर बोलमध्ये पुन्हा गाठ पडली आणि स्परियर यांनी वुर्फेलला शॉटगन रचनेत उभं केलं. म्हणजे चेंडू देणाऱ्याच्या पाठीला चिकटून न राहता साधारण पाच यार्ड मागे. अंगावर येणारा आधी दिसतो, पास टाकायला क्षणभर जास्त मिळतो. त्यांना स्वतःला ही रचना फारशी पसंत नव्हती. ५२-२० जिंकले आणि राष्ट्रीय विजेते झाले. फ्लोरिडा स्टेटचा जाणता चाहता स्परियर यांच्याबद्दल आदराने बोलला तर बुटांच्या विनोदामुळे नाही, त्या पाच यार्डांमुळे बोलेल.

प्रश्न : हे सगळं गमतीत चाललंय. पण मुलांची चेष्टा करणं कोचला शोभतं का? — ठाणे

उत्तर : प्रश्न रास्त आहे. स्परियर यांची बाजू घेणारे म्हणतात की ते कोच आणि संस्थांनाच चिमटे काढायचे. हे पूर्ण खरं नाही. मॅनिंग तेव्हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. २०१२ साली जॉर्जियाविरुद्धचा सामना सप्टेंबरवरून ऑक्टोबरात गेला, तेव्हा ते म्हणाले की मोसमाच्या सुरुवातीलाच त्यांच्याशी खेळायला मला आवडायचं, दोन-तीन महत्त्वाचे खेळाडू हमखास निलंबित असायचे. हसू येतं, पण निलंबित झालेली ती पोरं अठरा-वीस वर्षांची. (सामना ऑक्टोबरात झाला आणि साउथ कॅरोलिनाने ३५-७ जिंकला. म्हणजे तक्रारीलाही जागा उरली नाही.)

ऑबर्नमध्ये खेळाडूंच्या वसतिगृहाला आग लागली तेव्हाचा विनोद तर जगभर पोचला आहे: वीस पुस्तकं जळाली, त्यातल्या पंधरांत अजून रंग भरायचे राहिले होते. खेळाडू म्हणजे ढ, या जुन्या थट्टेला नवा साज. असे विनोद आज कोचने केले तर विद्यापीठाचा प्रसिद्धी विभाग संध्याकाळपर्यंत माफीनामा काढेल.

आणि स्वतःवर आलं की त्यांनाही जड जायचं. २०११ साली साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरातल्या एका स्तंभलेखकाच्या लिखाणावर ते इतके चिडले की तो माणूस खोलीत असेपर्यंत बोलणार नाही म्हणाले. इतकी वर्षं दुसऱ्यांची सालं काढणाऱ्याकडून ही अपेक्षा नव्हती, हे त्यांच्या चाहत्यांनीही म्हटलं. आमचंही मत तेच.

प्रश्न : टोमणे तर आता बरेच कोच मारतात. मग हा मान त्यांना का मिळत नाही? — न्यू जर्सी

उत्तर : लेन किफिन यांचं उदाहरण घ्या. टेनेसीचे कोच म्हणून नेमणूक झाली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षी स्वॅम्पमध्ये फ्लोरिडाला हरवून रात्रभर आपल्या शाळेचं गाणं गाणार. सप्टेंबर २००९ मध्ये २३-१३ हरले. स्परियर यांचे टोमणे जिंकून झाल्यावर, उन्हाळ्यात, निकाल हातात घेऊन यायचे. किफिन यांनी उधारीवर मारला. शिवाय त्यांनी फ्लोरिडाच्या कोचवर नियमभंगाचा जाहीर आरोप केला, तो चुकीचा निघाला आणि कॉन्फरन्सने कानउघाडणी केली. टोमण्यातला तपशील चुकला की तो टोमणा राहत नाही, आगाऊपणा होतो.

माइक लीच यांची जात वेगळी. मिसिसिपी स्टेटचे कोच असताना डिसेंबर २०२२ मध्ये ते वारले, तेव्हा मिसिसिपी विद्यापीठाच्या हाडवैऱ्या चाहत्यांनाही मनापासून वाईट वाटलं. पण लीच समोरच्या संघाला बोचकारत नसत. चाचेगिरीचा इतिहास, हॅलोविनची गोड गोळी, लग्नाची तयारी, असल्या विषयांवर तंद्रीत बोलत राहायचे. त्यांच्यावर प्रेम करणं सोपं होतं. स्परियर यांच्याबद्दलचा आदर दातओठ खात द्यावा लागतो.

प्रश्न : मी आणि तीन मित्र पहिल्यांदाच समोरच्या संघाच्या गावी सामना बघायला जाणार आहोत. थट्टामस्करी कितपत चालते? मार तर खाणार नाही ना? — ऑर्लँडो

उत्तर : मार नाही खाणार, उलट जेवू घालतील. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांची मागची दारं उघडून पंगती बसतात, त्याला टेलगेट म्हणतात. सामना साडेतीनचा असेल तर अकरापर्यंत पोचा. नंतर गाडी लावायला जागा मिळणं मुश्किल.

कपड्यांपासून सुरुवात करा. फ्लोरिडा, टेनेसी, क्लेमसन, ऑबर्न या चारही शाळांच्या रंगांत नारिंगी आहे. भगवा कुर्ता घालून गेलात तर तुम्ही कुणाचे यावर आधी चर्चासत्र होईल. नारिंगीबरोबर निळा फ्लोरिडाचाही आणि ऑबर्नचाही, तेव्हा संघाचं नाव स्पष्ट दिसू द्या. रंग लपवून यजमानांच्या तंबूत शिरणं वाईट समजतात. रंग दाखवून आत आलेल्याला आधी शिवी आणि मग ताट मिळतं.

हात हलवत जाऊ नका. चौघांसाठी आणि चार यजमानांसाठी बटाटेवडे न्यायचे तर माणशी दोन, म्हणजे सोळा, आणि वर चार ठेवा. चटणीत दाण्याचं कूट असेल तर डबा उघडायच्या आधी सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे बऱ्याच जणांना असते. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनात उकडलेल्या शेंगा मिळतील, मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकळलेल्या, आपल्या घरच्यापेक्षा मऊ आणि खारट. साउथ कॅरोलिनाने २००६ साली त्यांना राज्याचा अधिकृत खाऊ केलं. इतकी ओळखीची चव तिथे सापडेल असं वाटलं नव्हतं, एवढं म्हटलंत तरी ओळख होते.

टोमणा मारायचा तर स्परियर यांचा साचा वापरा. एक खरी गोष्ट घ्या, निकाल किंवा वर्ष, आणि ती घरून तपासून न्या. ती भोळ्या प्रश्नासारखी विचारा. एका वाक्यात संपवा आणि पुढचं त्यांना बोलू द्या. दोन वाक्यं झाली की भाषण होतं, तीन झाली की भांडण. तुमचा संघ गेल्या वर्षी त्यांच्याकडून हरला असेल तर तोंड न उघडणं बरं. हिशेब त्यांच्या बाजूने असताना मारलेला टोमणा परत तुमच्याच अंगावर येतो.

काही गोष्टींना हात लावू नका. जखमी खेळाडू, गावात घडलेली दुर्घटना, बँडमधली मुलं. आणि अथेन्सला गेलात तर उगा नावाचा पांढरा बुलडॉग. तो तिथे कुत्रा नाही, कुलदैवत आहे.

फ्लोरिडाची 'गेटर चॉम्प', म्हणजे दोन्ही हात समोर ताणून वरचा खालच्यावर आपटत केलेला मगरीचा जबडा, गुण झाल्यावर आपल्या जागी उभं राहून करा. कुणाच्या तोंडासमोर नेऊन करू नका. निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. उरलेली निम्मी दारूमुळे, आणि एकवीस वर्षांखालच्या मित्राच्या हातात पेला दिसला तर प्रकरण पोलिसांकडे जातं.

आत जाताना पाठपिशवी चालत नाही. पारदर्शक पिशवी, जास्तीत जास्त १२ इंच बाय ६ बाय १२. नाहीतर एक गॅलनची झिप लावायची प्लास्टिकची पिशवी. त्याबरोबर साडेचार बाय साडेसहा इंचांपर्यंतचं छोटं पाकीट चालतं. उरलेले वडे आत नेता येणार नाहीत, ते यजमानांच्या तंबूतच ठेवून जा. सामना साडेतीन तास चालतो, बाहेर याल तेव्हा ते संपलेले असतील.